बैलाले आवतन देतो, माणसाले काहून नाही?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद चोळायची आणि कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादही होते, म्हणजे वावराचेही आभार मानून झाले. राहतं कोण? तो कापूस वेचणारी बाई. दिवसभर बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून घेते, ओटी भरली की कंबर धरते, आणि संध्याकाळी काट्यावर तिला ऐकू येतं ते एवढंच, "उद्या लवकर या."

माझं म्हणणं साधं आहे. रोज एका माणसाला, तोंडावर, त्याच्या कामाचं नाव घेऊन सांगायचं. नुसतं 'धन्यवाद' नको, ते एटीएमही म्हणतं. लाइनमनला म्हणायचं, "भाऊ, रातच्या पावसात तुम्ही डीपीवर आले म्हणून लाइन आली." सालदाराला म्हणायचं, "गोऱ्ह्याचं पोट फुगलं हे तुमच्या ध्यानात आलं, म्हणून वाचला तो."

लोक आधी दचकतात, हे कबूल. "काहून गा, जिल्हा परिषदेले उभा राहून राह्यला का?" हे मी ऐकलेलं आहे. एसटीच्या एका कंडक्टरनं तर माझं तिकीट परत तपासलं.

बोलायची लाज वाटते, ती फक्त आपल्यालाच वाटते असंही नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 साली याच विषयावर अभ्यास छापला. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा पत्र मिळालेली माणसं जास्त खूश झाली, आणि अवघडल्यासारखं त्यांना कमीच वाटलं.

आणि आपण बोलतच नाही असंही कुठं आहे? गावच्या मोक्षधामात शोकसभा ऐका. गेलेल्याची एकेक गोष्ट आठवून चार-चार जण बोलतात. पण ज्याच्याबद्दल बोलतात तो तेव्हा सरणावर असतो!

एक अट मात्र माझी आहे. मजुरी अडवून गोड बोलणाऱ्याचं काही ऐकू नका. पाडव्याला सालदाराचा हिशेब चुकता नाही, वेचणीचे पैसे पुढच्या बाजारावर ढकलले, आणि वर "तुमच्यामुळंच आमचं चालते जी"? असले आभार म्हणजे निव्वळ लबाडी. आधी पैसे हातावर, मग तोंड उघडायचं.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे स्वतःचं घर. बाहेर सरपंचापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी जमतं, चुलीपुढं जीभ अडते. मी आईला म्हटलं, "आजचा पातोडीचा रस्सा झकास झाला, एवढ्या उन्हाचं तू चुलीपाशी बसली." ती म्हणे, "सरळ सांग ना, गाडीच्या पेट्रोलले किती पाहिजे?"