नाळेला काही लावू नका म्हणे, पण हात शिवशिवतात त्याचं काय

बाळ घरी आल्यावर मी सगळ्यात जास्त कशाला घाबरलो असेन तर त्या नाळेच्या तुकड्याला. रडणं, जागरणं, दूध, सगळ्याबद्दल लोकांनी आधीच घाबरवून ठेवलं होतं, पण पोटावर प्लॅस्टिकचा चिमटा लावलेलं ते प्रकरण दिसतं कसं याबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ, 'नाळ कोरडी ठेवा'. बस्स.

आधी पांढरट, बुळबुळीत, मग पिवळट, मग चॉकलेटी आणि शेवटी काळी ठिक्कर, वाळक्या काडीसारखी. मला वाटलं सडलीये! रात्री दोन वाजता मोबाईलचा टॉर्च मारून वास घेत बसलोय आणि बायको म्हणतेय अरे झोप आता, ते बाळ झोपलंय तर तू कशाला जागा. हे रंग बदलणं नॉर्मल असतं, आत रक्त जायचं बंद झालं की तो तुकडा वाळणारच, आणि त्यात दुखणं जाणवणारे मज्जातंतू नसतात त्यामुळे कापताना बाळाला दुखतही नाही. एवढं त्या कागदावर लिहायला काय जातं हो?

मग सल्ले. कोणी म्हणे तेल, कोणी पावडर, कोणी स्पिरिटने पूस. काहीच लावलं नाही की लोकांना वाटतं आईबाप आळशी आहेत. पण स्पिरिटने उलट नाळ पडायला वेळ लागतो, आणि नको ते लावलं तर तिथून जंतू आत शिरतात, नवजात बाळांना धनुर्वात होतो तो बऱ्याचदा अशाच अस्वच्छ हातांनी नाहीतर अस्वच्छ ब्लेडने. डब्ल्यूएचओपण स्वच्छ आणि कोरडीच ठेवा म्हणतं, ४ टक्के क्लोरहेक्सिडिन नावाचं जंतुनाशक आहे पण ते जिथे भलतंसलतं लावायची सवय आहे तिथे, पहिल्या आठवड्यापुरतं. आमच्या डॉक्टरांनी तेही नको सांगितलं. आम्ही एवढंच केलं, हात धुवायचे, डायपरची वरची कड खाली दुमडायची म्हणजे शू लागत नाही, आणि पडेपर्यंत आंघोळीऐवजी ओल्या कपड्याने पुसून घ्यायचं. ओढायची मात्र नाही, एका धाग्यावर लोंबकळत असली तरी नाही (हे लिहितोय तो माणूस दोनदा मोह आवरून बसलेला आहे).

साधारण एक ते दोन आठवड्यांत पडते, तीन आठवडे झाले तरी पडली नाही तर दाखवायचं. आमची अकराव्या दिवशी पडली, डायपर बदलताना हातातच आली, लंगोटावर रक्ताचे दोन थेंब आणि मी गारठलो. थोडंसं रक्त, जरा चिकट पाणी चालतं. पण बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन लाली पसरायला लागली, पू, घाण वास, ताप, बाळ दूध ओढत नाही, किंवा रक्त थांबतच नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उचलून न्यायचं.

आमच्याकडे नंतर आत एक ओलसर गुलाबी मणी राहिला, ग्रॅन्युलोमा म्हणतात, डॉक्टरांनी तो वाळवायला सिल्व्हर नायट्रेट या औषधाची काडी टेकवली, बाळ जांभई देत होतं. आता रडलं की बेंबी फुगते. त्यावर नाणं बांधायचा सल्ला आलाच, पण त्याने काही होत नाही, उलट खालची कातडी खराब होते, आणि बहुतेक मुलांची चार-पाच वर्षांत आपोआप बसते. तोपर्यंत सल्ला देणाऱ्यांना मी फक्त हो हो म्हणतोय.