निर्वासितांची बाजू आणि देणगीची पावती

भारतात २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट नाही. आपल्याकडची चर्चा ‘माझा कर किती वाचला’ इथेच थांबते. देणगी आटली की संस्थेचा आवाजही बसतो, हे अमेरिकेतल्या ज्यू संघटनांकडे पाहिलं की कळतं.

हायस ही १८८१ची संस्था, रशियातून पळून आलेल्या ज्यूंसाठी निघालेली. आज ती कुठल्याही धर्माच्या निर्वासिताला घर लावून देते, आजवर बरंचसं सरकारी पैशावर. २० जानेवारी २०२५ला ट्रम्प यांनी निर्वासितांचा कार्यक्रम थांबवला, पैसाही अडला. फेब्रुवारीत हायस इतर संस्थांसह सिॲटलच्या कोर्टात गेली. ज्या सरकारवर खटला भरायचा त्याच्याच अनुदानातून तो चालवता येत नाही. तिथे लोकांचीच देणगी लागते.

या देणगीवरच्या सवलतीसाठी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालते ती ज्यू फेडरेशन्सची, म्हणजे देणग्या गोळा करून संस्थांना वाटणाऱ्या ज्यू संघांची, शिखर संघटना. २०१७च्या कायद्याने जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन (पावत्यांशिवाय मिळणारी ठोक वजावट) १२,७०० डॉलरवरून २४,००० वर गेलं आणि बहुतेकांना देणगी वेगळी दाखवण्यात अर्थच उरला नाही. वजावट सगळ्यांना द्या, ही फेडरेशन्सची मागणी. २०२५च्या कायद्याने २०२६ पासून ती अंशतः मान्य झाली: एकट्याला १,०००, जोडप्याला २,००० डॉलर. २२ टक्क्यांच्या टप्प्यात २,००० वर ४४० वाचतात. चेक, कार्ड किंवा रोख चालते, जुने कपडे नाहीत. एकरकमी २५० किंवा जास्त दिले असतील तर संस्थेचं पत्र विवरणपत्र भरण्याआधी हातात हवं, नुसतं बँक स्टेटमेंट पुरत नाही.

२०२५च्या त्याच कायद्याने रोखीने वा मनी ऑर्डरने परदेशी पाठवलेल्या पैशावर १ टक्का कर बसवला. खात्यातून पाठवणारा इंजिनीअर सुटला, खातं नसलेला मजूर अडकला. स्थलांतरितांचा कैवार घेणाऱ्यांनी यावर अजून बोंब मारायला हवी.

अमेरिकेतली आपली मंडळी गावच्या शाळेला थेट पैसे पाठवतात, त्यावर अमेरिकेत वजावट नाही. पासपोर्ट अमेरिकन झाला असेल तर भारतातल्या एनआरओ (अनिवासींच्या) खात्यातून रुपयांत दिलेली रक्कमही परदेशी देणगीच. ट्रस्टकडे एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं नसेल तर ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिली तर अडचण नाही. फेडरेशनचं तर सगळं कामच एका ठिकाणी गोळा करून अनेक संस्थांना वाटण्याचं. परदेशी देणगी अशी पुढे वाटायला आपल्याकडे २०२०च्या दुरुस्तीपासून बंदी आहे.