धडधाकट दिसतो म्हणे!

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी घरच्या रुग्णाला घेऊन चोपड्याहून एसटीनं जिल्ह्याच्या गावाला जायचं, रांगेत ताटकळायचं आणि ऐकायचं काय, तर "हा तर धडधाकट दिसतो!" अहो, स्किझोफ्रेनियासारखा मनाचा आजार काय कपाळावर लिहिलेला असतो? आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून मीच आणलंय त्याला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात धरलाय. टक्केवारीसाठी आयडियाज नावाची मोजपट्टी आहे: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, कामधंदा, शिवाय आजार किती जुना. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय?" त्यानं सांगितलं. झालं, सवलतींसाठी लागणाऱ्या 40 टक्क्यांच्या खाली! त्याच कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. पण ते कुठल्या टेबलावर द्यायचं, हे टेबलवाल्यांनाच ठाऊक नाही. वर फुकटचा सल्ला, "भाऊ, नवीन अर्जच टाकून द्या ना." आणि केळीच्या बागेतली बुडालेली मजुरी कोण देणार?