उन्हाळ्याच्या अंदाजात वाऱ्याचा आकडा आधी वाचा

मार्च सरत आला की भारतीय हवामान विभाग एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. ज्या वर्षी त्यात ऊन सरासरीपेक्षा अधिक राहील आणि अधूनमधून मेघगर्जनेसह पाऊसही होईल असे दोन्ही म्हटलेले असते, त्या वर्षी आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात लोक बुचकळ्यात पडतात. वळीव येणार असेल तर ऊन उतरेल आणि ऊन तापणार असेल तर वळीव कुठून येणार, असा प्रश्न मला पारावर अनेकांनी विचारला आहे. मी केळी उत्पादक आहे आणि मला हा समज आमच्या भागासाठी फार महागात पडणारा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खान्देशाची ठेवणच तापण्यासारखी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधोमध तापीचे खोरे. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम २०० मीटर, जमीन काळी आणि एप्रिल-मेमध्ये बहुतांश उघडी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारचा पारा ४२ अंशांच्या आसपास असणे ही आमची नेहमीची गोष्ट आहे. अशा दिवसांत अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून बाष्प आले, की तापलेली हवा ते घेऊन वर झेपावते आणि दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. ढगातून पाऊस पडू लागतो खरा, पण खालची हवा इतकी कोरडी असते की त्यातले बरेच थेंब जमिनीवर पोहोचण्याआधीच विरून जातात. थेंबांची वाफ होताना भोवतालची हवा थंड आणि जड होते, ती वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. हेच आमचे वावधन. खालचा थर जितका तापलेला आणि कोरडा, तितका या कोसळण्याला जोर अधिक. म्हणजे उन्हानेच वाऱ्याला बळ दिलेले असते. त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यातल्या पावसाने अनेकदा मातीसुद्धा नीट भिजत नाही, आणि तरीही बागा आडव्या झालेल्या असतात.

केळीचे खोड लाकडाचे नसते, ते पानांच्या देठांच्या थरांनी बनलेले असते, आणि मुळे फार खोल जात नाहीत. त्यावर वीस-पंचवीस किलोचा घड लोंबत असताना झाड वाऱ्यापुढे किती तग धरणार? त्यातच मे-जून हा काळ असा, की मृगबाग, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, कापणीला आलेली असते आणि कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या बेतात असते. आधीच उन्हाने पाने करपलेली आणि घड सटकू लागलेले असतात, त्यात वावधन येते.

एका मे महिन्यात माझ्या बागेत हे घडले. दुपारपर्यंत रखरखीत ऊन होते, साडेचारच्या सुमारास तापीच्या बाजूने धुळीचा लोट उठला आणि वीस मिनिटांत सारे संपले. तीन हजार झाडांपैकी सहाशेहून अधिक मोडून पडली होती. पाऊस म्हणाल तर अंगणातली धूळ बसली, एवढाच. पुढे विम्यासाठी नुकसानीची चौकशी करायला गेलो, तेव्हा आमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तशा वाऱ्याची नोंद नाही, असे उत्तर मिळाले. केंद्र माझ्या शेतापासून काही किलोमीटरवर आहे आणि असे वादळ चिंचोळ्या पट्ट्यातून निघून जाते, हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तिथे कोणी नव्हते. ती गोष्ट मला आजही टोचते.

माझे म्हणणे असे, की आपण अंदाज वाचतो तेव्हा पावसाच्या आकड्यावर थांबतो आणि वाऱ्याचा आकडा सोडून देतो. हवामान विभागाच्या जिल्हानिहाय इशाऱ्यात ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’ असे स्पष्ट लिहिलेले असते. केळीवाल्यासाठी इशाऱ्याचा खरा अर्थ त्याच ओळीत आहे. दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांत मात्र ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक पाऊस’ एवढेच सांगितले जाते. या उपविभागात १३०० मीटरहून उंच असलेले महाबळेश्वरही येते आणि भुसावळही येते. दोन्ही ठिकाणांना एकच वाक्य कसे पुरावे?

उष्णतेच्या लाटेच्या निकषांचेही तसेच. सपाट प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर असून सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असावा किंवा प्रत्यक्ष ४५ अंशांवर जावा, तेव्हा लाट धरली जाते. आमची सरासरीच मुळात एवढी वर असल्याने ४४ अंशांचा दिवस ‘लाट नाही’ म्हणून निघून जातो, आणि त्याच दिवशी बाष्प आले तर संध्याकाळच्या वावधनाची सगळी तयारी झालेली असते.

वादळानंतरच्या दिवसांबद्दलही काळजी वाटते. रात्री गारवा येतो, माणसे सुटकेचा श्वास सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच ऊन ओलसर हवेत पुन्हा चढते. घाम वाळत नाही, कूलरची हवा गार लागत नाही, तारा तुटल्याने कित्येक गावांत वीजच नसते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी, लहान मुले आणि पडलेली बाग आवरायला भर दुपारी शेतात उतरलेले मजूर यांना हा उकाडा कोरड्या उन्हापेक्षा अधिक सोसावा लागतो.

म्हणून माझी मागणी आहे की मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांवर दिवसभरात नोंदला गेलेला कमाल वारा तापमानाच्या शेजारी रोज गावोगावी कळवावा आणि विम्यासाठी एका केंद्राच्या नोंदीसोबत शेतावरचा पंचनामाही तितकाच ग्राह्य धरावा. आपल्या हातातले कामही आहे: घड धरलेल्या झाडांना आताच बांबूचा किंवा पट्टीचा आधार द्यावा, बांधावर पश्चिमेच्या बाजूने शेवरी किंवा गजराज गवत दाट ठेवावे, आणि गडगडाट ऐकू येताच बागेतून बाहेर पडून पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये. मी या आठवड्यात निसवलेल्या ओळी बांधायला घेतल्या आहेत. पश्चिमेकडच्या चार ओळी अजून राहिल्या आहेत.