दवाखाना सोडून गाडीवर

गेले आठ महिने एक विचार डोक्यात घोळतोय, आज लिहून टाकते. चौदा वर्षं चाललेला दवाखाना बंद करून १०८ च्या रुग्णवाहिकेवर, आमच्या भाषेत गाडीवर, डॉक्टर म्हणून रुजू व्हावं, असं मला वाटतंय. वय अडतीस. शिक्षण बीएएमएस. दवाखाना लोणंद-फलटण पट्ट्यातल्या एका बाजारगावात.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बसल्या जागी पेशंट येतायत, लक्ष्मी चालत घरी येतीय, आणि तू रात्रीअपरात्री रस्त्यावर पळणार?" नवरा काही बोलला नाही, त्याने घराच्या हप्त्यांचा कागद काढून समोर ठेवला. त्या दोघांचं मी समजू शकते. पण बॅचमधल्या मैत्रिणीने विचारलं, "का गं, दवाखाना चालत नाही का?" हा प्रश्न मात्र लागला. आपल्याकडे बीएएमएस, बीएचएमएस झालेली पोरं गाडीवर जातात ती दवाखाना टाकण्यापुरते पैसे जमेपर्यंत, पीजीला नंबर लागेपर्यंत. चालता दवाखाना सोडून गाडीवर कोणी जात नाही. त्यामुळे कोणी निघालंच, तर त्याचं काहीतरी बिनसलं असणार असं लोक धरून चालतात.

माझं काय बिनसलं ते सांगते.

डिसेंबरमधली गोष्ट. गळीत हंगाम चालू होता. रात्री आठच्या सुमारास दवाखाना बंद करून मोपेडवरून घरी निघाले, तर रस्त्यात उसाची डबल ट्रॉली उभी आणि पुढे घोळका. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलसकट मागून धडकला होता. मी डॉक्टर आहे म्हटल्यावर लोकांनी वाट दिली. १०८ ला फोन कोणीतरी लावलेला होता.

मुलगा उताणा पडला होता. तोंडातून रक्त येत होतं आणि प्रत्येक श्वासाला घशातून पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज येत होता. रक्त श्वासनलिकेत चाललंय, हे मला कळत होतं. मान मोडलेली असेल तर डोकं हलवायचं नाही, हेही माहीत होतं. या दोन्हींच्या मध्ये काय करायचं ते पुस्तकात वाचलेलं होतं. मान जागेवर ठेवून दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलायचा. वाचलेलं सगळं आठवत होतं, पण हात पुढे जाईनात. मी नाडी धरून बसले. ओढणीने रक्त पुसत राहिले.

बावीस मिनिटांनी गाडी आली. डॉक्टर जेमतेम सत्तावीसचा. धावत आला नाही, भरभर चालत आला. मुलाच्या डोक्यामागे गुडघे टेकले, आवाज ऐकला आणि म्हणाला, "मॅडम, डोकं धरा. दोन्ही हात कानांजवळ. काहीही झालं तरी हलू द्यायचं नाही." पायलटने, म्हणजे गाडीच्या चालकाने, मोबाइलचा टॉर्च दातांत धरला आणि दोन्ही हातांनी सक्शन मशीन उघडलं. नळी गालाच्या कडेने आत गेली. दहा-बारा सेकंदांत तो बुडबुड्यांचा आवाज थांबला. माझ्या तळहातांखाली त्या मुलाच्या जबड्याचा ताण सैल झालेला मला जाणवला. मग कॉलर, ऑक्सिजन, कात्रीने कापलेली पँट, मांडीला स्प्लिंट, स्पाइन बोर्ड. आणि हे करताना तो एकसारखा त्या मुलाशी बोलत होता, "दादा, ऐकू येतंय ना? आता तुला उचलणार. थोडं दुखेल." अकरा मिनिटांत गाडी निघाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा वर्षांत मी हजारो माणसं तपासली. ताप, जुलाब, बीपी, शुगर, पोरांचे खोकले. ते काम मी चांगलं करते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण माझ्यासमोर माणूस जायला लागला तेव्हा त्याच्यासाठी काय करायचं, हे माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान पोराला ठाऊक होतं, कारण ते त्याचं रोजचं काम होतं. हे एक वेगळं कसब आहे. डिग्रीबरोबर ते आपोआप येत नाही.

पुण्याला जाऊन बीएलएस आणि एसीएलएस केलं, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि प्रगत उपचारांचे कोर्स. पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब पाच सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत मनगटं भरून आली, आणि दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा ते तिथे अंगाला कळलं. जबडा उचलण्याचा सराव मी इतक्या वेळा केला की शिकवणारे सर म्हणाले, बास आता.

मग यंदाची वारी. नीरा स्नान करून माऊलींची पालखी लोणंद मुक्कामी येते तेव्हा मी दरवर्षी वैद्यकीय शिबिरात असते. पायाचे फोड, उलट्या, अंगदुखी, तेच सगळं. यंदा साठीच्या एक माऊली चालता चालता कोसळल्या. बायका कांदा आणा, पाणी पाजा म्हणत होत्या. मी पाणी पाजू दिलं नाही. आधी श्वास बघितला, नाडी बघितली, मग शुगर केली. ३८, म्हणजे धोक्याइतकी कमी. डायबेटिसची गोळी सकाळी घेतलेली आणि पोटात अन्नाचा कण नाही. शिरेतून ग्लुकोज गेलं, दोन-तीन मिनिटांत डोळे उघडले आणि पहिलं वाक्य, "माझी तुळस कुठाय?" कोणाच्या तरी डोक्यावरचं वृंदावन उतरवून त्यांच्या हातात दिलं. त्या दिवशी माझे हात थांबले नव्हते. मला हेच काम करायचंय, हे तिथे ठरल्यासारखं झालं.

आता थोडं व्यवस्थेबद्दल. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या प्रगत (एएलएस), बाकी ७०४ प्राथमिक उपचारांच्या (बीएलएस). आपल्या राज्याने गाडीवर तंत्रज्ञाऐवजी डॉक्टर ठेवला, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पेशंटकडून एक रुपया घेतला जात नाही. पण त्या डॉक्टरचं आणि पायलटचं पुढे काय? काम कंत्राटी. पाच वर्षं गाडीवर काढलेल्या आणि काल लागलेल्या डॉक्टरमध्ये लोकांच्या लेखी काही फरक नाही. आपण हात शिकवून तयार करतो आणि तयार झाले की ते दवाखाना टाकायला निघून जातात. एमबीबीएसवाल्यांना इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी करता येतं, २००९ पासून ती मान्यताप्राप्त शाखा आहे. आमच्यासारख्यांसाठी पुण्यात पीजीडीईएमएस, म्हणजे इमर्जन्सी सेवांचा पदव्युत्तर डिप्लोमा, आहे. पण ते शिकून आयुष्यभर गाडीवर राहायचं, सिनिअर व्हायचं, नव्यांना घडवायचं, अशी वाट नीट आखलेली हवी. शिक्षकाला असते, नर्सला असते, तशी. हे मी पोटतिडकीने म्हणतेय, कारण त्या मुलाच्या घशातली नळी ज्याने नेमकी घातली तो पुढच्या वर्षी तिथे नसेल.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. त्या रात्री घोळक्यातले निम्मे लोक हात लावायला घाबरत होते, "पोलिसांचं लचांड नको." बाबांनो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती नाही. त्याच कायद्यात जखम झाल्यापासूनच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हटलंय. आमच्या मुलाची त्यातली बावीस मिनिटं बघ्यांमध्ये गेली, आणि त्यात मीही होते.

दवाखाना सोडताना काय सुटेल, तेही मला दिसतंय. माझ्याकडे एकाच घरातल्या तीन पिढ्या येतात. ज्या पोरीचा ताप मी काढला ती आता स्वतःचं बाळ घेऊन येते. गाडीवर हे नाही. त्या डॉक्टरला मी नंतर फोन करून विचारलं, मुलाचं काय झालं? तो म्हणाला, "ताई, सिव्हिलला हँडओव्हर दिला तेव्हा बोलत होता. पुढचं आम्हाला कळत नाही." मी दोन दिवस त्या वाक्यावर अडकले होते.

गाडीवर काम केलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, मला खरं सांगा. चाळिशीत जिना उतरताना स्ट्रेचर पेलवतं का? कंबर किती वर्षं साथ देते? सलग रात्रपाळ्या आणि शाळेत जाणारं पोर, हे कसं जमवलंत? आणि पुढचं कळत नाही, त्याची सवय होते का? नवऱ्याला मी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली आहे.