पियानो बागेत नेला होता

धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर जाहीर केलं: पंचाहत्तरीला आई गाईल तेव्हा साथीला पेटी-तबला नको, रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावू. सूर पक्का, लय पक्की, वादकांच्या विनवण्या नाहीत. मी विरोध केला, तर म्हणतो, "ताई, तुमच्याकडे तर सगळं कागद बघूनच वाजवतात. मग ट्रॅकचंच काय वाईट?"

हे मला लागलं. व्हिएन्नात चौदा वर्षं मी कागद बघूनच गाते आहे. सध्या आमच्या कोअरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, संगीतकार शुबर्टचं 'श्टेंडखेन' बसतंय. एक आल्टो, म्हणजे खालच्या आवाजात गाणारी बाई, तिच्यासोबत बायकांचा वृंद आणि साथीला फक्त पियानो. हे गाणं वाढदिवसाचंच. १८२७ साली गायनशिक्षिका आना फ्रोलिखने आपल्या शिष्येच्या वाढदिवसासाठी कवी ग्रिलपार्त्सरकडून कविता घेतली आणि शुबर्टकडे दिली. त्याने ती पुरुषांच्या वृंदासाठी बांधली. आना म्हणाली, गाणार माझ्या मुली आहेत. मग त्याने बायकांसाठी पुन्हा लिहून दिली. ऑगस्टात व्हिएन्नाजवळच्या ड्योब्लिंगला त्या मुलीच्या घराच्या बागेत गुपचूप पियानो नेला. पियानो! आणि आमच्या माणसांना सदाशिव पेठेतून कोथरूडला पेटी न्यायचा कंटाळा.

कागदावर सगळं असतं, मान्य. पण गाण्यातल्या मुली मैत्रिणीच्या दारावर हलकेच बोट वाजवतात, पियानोही तसाच दबकत, तुटक चालतो, आणि आमचा पियानोवाला सगळा वेळ सोलो गाणारीच्या खांद्यांकडे बघत असतो. तिने श्वास घेतला की त्याचे हात तेवढ्यापुरते थबकतात. ते थबकणं कागदावर नाही.

पेटीवाले काका हेच करतात. आई आता ओळीच्या मध्येच श्वास घेते. काका भाता धरून थांबतात, तिचा स्वर आला की पुढे जातात. ट्रॅक थांबणार नाही. आई मागे पडेल, ओशाळून हसेल आणि गाणं सोडून देईल. मला ते इथून दिसतं आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, काकांचं मानधन मी पाठवते असंही लिहिलं. भावाचं एका ओळीचं उत्तर आलं: "पैसे नकोत. तू येतेस का?"

पंचाहत्तरीच्याच शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. दुसऱ्या आल्टोत माझ्याशिवाय तिघीच आहेत. आनाच्या आठवणीत आहे की बागेतल्या त्या रात्री शुबर्ट स्वतः आलाच नव्हता, विसरला होता. हे भावाला लिहायला घेतलं आणि पुसलं. शुबर्ट विसरला होता. मी विसरलेले नाही. या वृंदात उभी असताना माझे उच्चार कुणाला वेगळे ऐकू येत नाहीत, मी कुठली हे कुणी विचारत नाही, आणि ती जागा एका शनिवारीसुद्धा रिकामी ठेवायची मला भीती वाटते.

तालीम संपवून ३७ नंबरच्या ट्रामने परतताना काकांना फोन केला. ते म्हणाले, "मी येतो गं. आई कुठल्या पट्टीत गाते हल्ली?"

मला सांगता आलं नाही.