बहमनी म्हणजे ब्राह्मणी? नाही हो!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाकडे हसन नावाचा गडी होता, नांगरताना त्याला मोहरांचा हंडा सापडला, त्याने तो इमानदारीत मालकाला नेऊन दिला, मालक म्हणाला तू राजा होशील, आणि दख्खनचा राजा झाल्यावर त्याने उपकार स्मरून घराण्याला ‘ब्राह्मणी’ नाव दिलं, त्याचंच पुढे बहमनी झालं. खाली तळटीप, ‘हे शाळेत शिकवत नाहीत’. अहो, आम्हाला शाळेत बाईंनी हेच तर सांगितलं होतं!

आधी हंड्याचं बघू. ही गोष्ट फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लोकप्रिय केली. तो आधी अहमदनगरच्या निजामशाहीत होता, मग विजापूरला इब्राहिम आदिलशहाकडे गेला, आणि लिहिलं त्याने सतराव्या शतकाच्या सुरवातीला. हसन दौलताबादला गादीवर बसला ३ ऑगस्ट १३४७ ला. मधे अडीचशे वर्षं गेली की! आणि हसनच्या काळातलाच इसामी, ज्याने १३५० मध्ये त्याच्यासाठीच इतिहास लिहिला, तो हंडा, नांगर, ज्योतिषी यातलं काहीच सांगत नाही. (हा इसामी पोरवयात आजोबांबरोबर दिल्लीहून दौलताबादला निघालेला, तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा. नव्वदीचे आजोबा वाटेतच गेले.)

नावाचं तर अजून सोपं आहे. हसनने स्वतःच्या नाण्यांवर ‘बहमन शाह’ असं लिहिलंय. बहमन हे जुनं इराणी नाव, इराणी कॅलेंडरमध्ये त्या नावाचा महिनासुद्धा आहे. फारसीत ब्राह्मणाला ‘बरहमन’ म्हणतात, त्यात ‘र’ असतो, नाण्यावर तो नाही. राजा बहमन शाह म्हणून घराणं बहमनी, एवढंच.

आता कोणी म्हणेल, इसामी तर दरबारातला, तो कसला खरं बोलतोय. बरोबर! तो हसनचं मूळ इराणच्या इस्फंदियारचा मुलगा बहमन याच्यापर्यंत नेतो, ते मलाही पटत नाही, नव्या राजाला जुनं खानदान लागतंच. पण वंशावळ खोटी धरली तरी त्याने नाव इराणी निवडलं हे राहतंच ना. आणि हसन मुळात ब्राह्मणच होता, धर्म बदलला, असं जे काही जण पुढे जोडतात ते तर फिरिश्ताही म्हणत नाही.

‘भविष्य खरं ठरलं आणि गडी राजा झाला’ याबद्दल. दख्खनचे अमीरान-ए-सदा, म्हणजे साधारण शंभर-शंभर गावांवरचे सरदार, मुहम्मद तुघलकावर उठले, त्यांनी आधी इस्माईल मुखला सुलतान केलं. तुघलकाने दौलताबादला वेढा घातला, पण तेवढ्यात गुजरातेत तगी नावाच्या माणसाचं बंड झालं आणि त्याला तिकडे पळावं लागलं. मग हसनने, तेव्हा त्याला जफरखान म्हणायचे, तुघलकाचा सेनापती इमाद-उल-मुल्क याला लढाईत मारलं आणि म्हाताऱ्या इस्माईलने आपणहून गादी सोडली. तुघलक गुजरातेतून फिरकला असता तर काय झालं असतं कोण जाणे, पण तो पुढे सिंधमध्ये १३५१ ला मेला, दख्खनमध्ये परत आलाच नाही.